सामाईक चुकांची साक्ष

उज्जैनच्या सिंधिया प्राच्यविद्या संस्थेत हजारो हस्तलिखिते जतन केलेली आहेत. १९३१ साली, ग्वाल्हेर संस्थानच्या काळात सुरू झालेला हा संग्रह आज उज्जैनच्याच विद्यापीठाच्या छत्राखाली आहे. अशा संग्रहात बसून एकाच ग्रंथाच्या दोन-चार पोथ्या ताडून पाहणाऱ्याला एक गोष्ट लवकरच उमगते. ज्या ओळी सगळ्या पोथ्यांत शुद्ध आहेत त्यांच्यावरून पोथ्यांचे आपसांतले नाते ठरत नाही. शुद्ध ओळ कोणत्याही चांगल्या प्रतीतून उतरलेली असू शकते. नाते ठरते ते चुकांवरून. एखाद्या लेखनिकाच्या नजरेतून एक ओळ निसटली, आणि पुढे वेगवेगळ्या गावांत सापडलेल्या पाच पोथ्यांतून नेमकी तीच ओळ गळालेली दिसली, तर त्या पाचही पोथ्यांची आई एक, असे खुशाल समजावे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा पोथ्यांची कुळे लावायला हीच दृष्टी कामी आली. १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९२५ पासून त्या कामाला शिस्त लावली आणि १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत पोथ्यांची कुळे-उपकुळे कशी ओळखावीत हे सविस्तर मांडले.

जनुकांवरून सजीवांचा इतिहास शोधण्याची विद्या याच तत्त्वावर उभी आहे. पेशी विभागते तेव्हा तिच्यातल्या डीएनएची नक्कल होते. लिपी चार अक्षरांची. माणसाच्या एका संचात अशी सुमारे ३०० कोटी अक्षरे. नक्कल कमालीची काटेकोर असते, तरी निर्दोष नसते. आईवडिलांच्या डीएनएत नसलेले साठ-सत्तर नवे बदल घेऊन प्रत्येक मूल जन्माला येते. त्यातल्या बहुतेक बदलांनी काही बिघडत नाही की सुधारत नाही. ते नुसते पुढच्या पिढीत उतरतात. जपानचे मोतू किमुरा यांनी १९६८ मध्ये हा विचार सिद्धान्ताच्या रूपाने मांडला, तेव्हा निवडीच्या बळावरच सारी उत्क्रांती समजावून सांगणाऱ्यांना तो रुचला नव्हता. वंशावळ लावणाऱ्याला मात्र हेच निरुपद्रवी बदल सर्वांत मोलाचे. उपयोगी गुण दोन घराण्यांत स्वतंत्रपणे उपजू शकतो, जसा माशाचा आणि डॉल्फिनचा निमुळता देह. निरर्थक बिघाड एकाच जागी, एकाच अक्षरात दोनदा घडणे फार दुर्मीळ.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याला आवळा का लागतो, या प्रश्नाच्या उत्तरात आहे. गाय, शेळी, कुत्रा यांना क जीवनसत्त्व खावे लागत नाही. त्यांचे यकृत ते तयार करते. माणसाला ते अन्नातून मिळाले नाही तर हिरड्यांतून रक्त येऊ लागते, जुन्या जखमा उकलतात, आणि शेवटी जीव जातो. हे जीवनसत्त्व बनवण्याच्या शेवटच्या पायरीला जे विकर लागते, त्याचे जनुक आपल्या डीएनएत आहे, पण मोडलेल्या अवस्थेत. १९९४ मध्ये जपानी संशोधकांनी ते वाचले तेव्हा त्याचे कित्येक तुकडे गळालेले आणि उरलेल्या तुकड्यांत जागोजाग बिघाड दिसले. चिंपांझी, ओरांगउटान आणि माकडांमध्येही हे जनुक निकामी आहे, आणि त्यांच्या बिघाडांपैकी अनेक आपल्या बिघाडांशी जागेसकट जुळतात. गिनीपिगलाही क जीवनसत्त्व बनवता येत नाही, पण त्याचे जनुक वेगळ्या ठिकाणी मोडले आहे. परिणाम सारखा, चूक निराळी. म्हणून गिनीपिग या बाबतीत आपला कोणी नव्हे. क्षिप्रेच्या घाटावर फुटाणे हिसकावणारे माकड मात्र आपले आहे. ज्या पूर्वजात हे जनुक मोडले, तो आपल्या दोघांचा. फळे-पाने मुबलक खाणाऱ्या त्या पूर्वजाला बिघाड जाणवला नसणार, म्हणूनच तो टिकला आणि आपल्यापर्यंत पोहोचला.

इतके कळले की या विद्येचे अर्धे तंत्र कळले. उरलेले तंत्र गणिताचे आहे: अनेक प्राण्यांच्या डीएनएचे तेच तुकडे ओळीत मांडायचे, कुठल्या जागी कोणते अक्षर बदलले ते पाहायचे, आणि कमीत कमी विसंगती शिल्लक राहील असा वंशवृक्ष शोधायचा. प्राणी वीस असले तरी संभाव्य वृक्षांची संख्या कोटी-अब्जांच्या पलीकडे जाते, म्हणून संगणक लागतो. त्या गणितात मी इथे शिरत नाही.

गव्हाविषयी मात्र थांबून बोलायला हवे, कारण माळव्यात बसून उत्क्रांतीचा पुरावा हातात धरायचा असेल तर तो इथल्या धान्याच्या कोठीत आहे. बाफले, बाटी, चुरमा यांना माळव्यात कठिया गव्हाचे जाडसर पीठ पसंत करतात. पोळीचा गहू वेगळा. हा भेद केवळ चवीचा नाही. कठिया गव्हाच्या पेशीत २८ गुणसूत्रे असतात, पोळीच्या गव्हात ४२. महाराष्ट्रात सातारा-सांगली-कोल्हापूरकडे खिरीसाठी जपलेला खपली गहू २८ गुणसूत्रांचा, म्हणजे कठियाचा जवळचा भाऊबंद. आणि पश्चिम आशियातले जे सर्वांत साधे रानटी गहू आहेत त्यांत १४. चौदा, अठ्ठावीस, बेचाळीस: ही बेरीज पाहूनच विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानच्या हितोशी किहारा यांना संशय आला की मोठे गहू हे लहान गवतांच्या संकरातून, दोन्हीकडची गुणसूत्रे तशीच ठेवून, बनले असावेत. १९४०च्या दशकात किहारांनी, आणि स्वतंत्रपणे अमेरिकेत मॅक्फॅडन व सीअर्स यांनी, पोळीच्या गव्हातला तिसरा संच कोणाचा हे ओळखले. तो इजिलॉप्स टॉशी नावाच्या, शेताच्या बांधावर तणासारख्या उगवणाऱ्या गवताचा होता. प्रयोगशाळेत २८ गुणसूत्रांचा गहू आणि हे गवत यांचा संकर करून त्यांनी ४२ गुणसूत्रांचे रोप पुन्हा घडवलेही.

डीएनए अक्षर-अक्षर वाचता येऊ लागल्यावर ही कहाणी काळासकट लिहिता आली. पहिला संकर दोन रानटी गवतांत, माणसाच्या मदतीशिवाय, काही लाख वर्षांपूर्वी झाला. त्यातून खपलीचा रानटी पूर्वज आला. दुसरा संकर अवघ्या आठ-दहा हजार वर्षांपूर्वीचा, कॅस्पियन समुद्राच्या आसपासचा, शेतकऱ्यांनी खपलीसारखा गहू त्या गवताच्या मुलखात नेऊन पेरला तेव्हाचा. म्हणजे जगाचे पोट भरणारे हे पीक रानात कधी अस्तित्वातच नव्हते. ते शेतात जन्मले. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय गटाने, ज्यात भारतीय प्रयोगशाळाही होत्या, पोळीच्या गव्हाचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध केला. तो माणसाच्या जीनोमच्या पाचपट मोठा आहे आणि त्यात एक लाखाहून अधिक जनुके आहेत, कारण तीन गवतांचे संसार एकाच घरात नांदतात. समोर कठियाचे आणि पोळीचे पीठ ठेवले तर त्या दोहोंतला फरक म्हणजे एक सबंध घटना आहे: एका रानगवताचे आगमन.

आता धान्याच्या कोठीतून खाली, मातीत उतरू. माळव्याची काळी माती ज्या दगडापासून झाली तो बेसॉल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारसाच्या रूपाने बाहेर पडला. आजही या थरांनी सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे: माळवा, जवळजवळ सगळा महाराष्ट्र, गुजरात-कर्नाटक-तेलंगणाचा काही भाग. सह्याद्रीत थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. त्याआधी इथे काय होते, याची चुणूक या आच्छादनाच्या कडेला मिळते. उज्जैनच्या दक्षिणेला, धार जिल्ह्यातल्या बाग-कुक्षी भागात डायनोसॉरची घरटी सापडली आहेत; २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९२ घरट्यांतल्या २५६ अंड्यांची नोंद आहे. लाव्हाच्या दोन थरांमधल्या विसाव्याच्या काळात तळ्यांत साचलेल्या गाळातही जीवाश्म मिळतात. छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानची दगड झालेली फळे-लाकडे बीरबल सहानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासली. मुंबईत वरळीच्या टेकडीत चिमुकले दगडी बेडूक सापडले, ज्यांचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्येच केले होते. पण या खिडक्या थोड्या आणि लहान आहेत. बाकी सगळा जुना मुलूख काळ्या दगडाखाली गाडला गेला आहे.

इथे जिवंत प्राणी साक्षीला येतात. लाव्हाने दख्खनचे रान उजाड केले असेल, तर त्या रानातल्या जुन्या घराण्यांचे काय झाले? जाह्नवी जोशी आणि प्रवीण कारंथ यांनी हा प्रश्न गोमीला विचारला. सह्याद्रीच्या ओल्या, सदाहरित रानात डिजिटाइप्स नावाच्या गणातल्या गोमी राहतात. गोम उडत नाही, पोहून समुद्र ओलांडत नाही, कोरड्यात फार काळ टिकत नाही. तिचे घराणे जिथे वाढले तिथेच बहुधा सापडते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात उत्तर, मध्य आणि दक्षिण सह्याद्रीतल्या गोमींच्या डीएनएवरून वंशवृक्ष मांडला गेला. कोण कुठून कुठे गेले हे त्या वृक्षावर मांडून पाहिल्यावर १३ स्थलांतरे दिसली, आणि त्यांतली ११ दक्षिणेकडून निघालेली होती. सर्वांत जुनी दोन स्थलांतरे लाव्हाचा काळ संपल्यानंतर लगेचची. लाव्हा जिथवर पोहोचला नाही त्या दक्षिण टोकाला जुनी घराणी तगली, आणि दगड निवून त्याची माती झाली, मातीवर रान आले, तशी ती उत्तरेकडे सरकली. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीच्या पालापाचोळ्यात आज फिरणारी गोम निर्वासितांच्या वंशातली आहे, आणि ही गोष्ट कुठल्याही दगडात लिहिलेली नव्हती.

दक्षिण टोकाच्या या आश्रयाची दुसरी साक्ष जांभळ्या बेडकाची. आयुष्यातला बहुतेक काळ जमिनीखाली काढून पावसाच्या सुरुवातीला विणीसाठी वर येणारा हा टोकदार नाकाचा बेडूक एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोसुइट यांनी २००३ मध्ये केरळातून जगासमोर आणला. डीएनएने सांगितले की त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक भारतात नाहीत, ते हजारो किलोमीटर दूर सेशेल्स बेटांवर आहेत. दोन्ही घराणी वेगळी झाली ती डायनोसॉरच्या काळात, भारत आणि सेशेल्स एकाच भूखंडाचे भाग असताना. पुढे २०१२ मध्ये ईशान्य भारतातून देवगांडुळांचे एक नवे कुळ वर्णिले गेले. त्याची भावकी आफ्रिकेत निघाली. हे वाचताना मला शंकर पुरुषोत्तम आघारकरांची आठवण होते. त्यांनी १९११ मध्ये सातारा जिल्ह्यात, कोयनेच्या खोऱ्यात, गोड्या पाण्यातला जेलीफिश शोधला. तसा प्राणी तोवर आफ्रिकेतल्या टांगानिकासारख्या सरोवरांतून माहीत होता. खंड सरकतात हा विचार आल्फ्रेड वेगेनर यांनी मांडला तो त्याच्या पुढच्या वर्षी, आणि तो मान्य व्हायला आणखी अर्धे शतक लागले. आघारकरांच्या हाती प्रश्न होता. उत्तर शोधायची साधने त्यांच्या पिढीकडे नव्हती.

प्रश्न अचूक विचारूनही उत्तर हुकलेले एक मोठे नाव म्हणजे सुंदरलाल होरा. त्यांच्या प्रश्नात आपला विंध्य-माळवा थेट मध्यभागी आहे. दक्षिण सह्याद्रीतले काही मासे, वनस्पती आणि प्राणी आसाम-ब्रह्मदेश-मलायाकडच्या जीवांसारखे दिसतात, पण मधल्या कोरड्या भारतात ते नाहीत. होरा यांनी १९४०च्या दशकात सुचवले की एके काळी गारो टेकड्या, राजमहाल, छोटा नागपूर आणि विंध्य-सातपुडा यांच्या ओलसर माथ्यांवरून हे जीव पश्चिमेकडे आले आणि सह्याद्रीत दक्षिणेला पसरले. खळाळत्या ओढ्यात दगडाला चिकटून राहणारे मासे हा त्यांचा मुख्य पुरावा. कल्पना अतिशय आकर्षक होती, आणि पुढच्या दोन पिढ्यांनी तिच्या बाजूने व विरुद्ध पुष्कळ लिहिले. अडचण एवढीच की साम्य आणि नाते या दोन गोष्टी नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या करता येत नव्हत्या. कारंथ यांनी २००३ मध्ये ही कल्पना जनुकीय वंशवृक्षांवर तपासण्याचा आराखडा मांडला, आणि निलगिरीच्या काळ्या वानरावर तो वापरला. हे वानर दिसायला-वागायला आग्नेय आशियातल्या पानखाऊ वानरांसारखे, म्हणून त्याला त्यांच्याच गणात घातलेले होते. डीएनएने ते तिथून उचलून आपल्या काळ्या तोंडाच्या, देवळांच्या शिखरांवर बसणाऱ्या हनुमान वानराच्या शेजारी ठेवले. ते लांबून आलेले नाही. इथल्याच घराण्याने ओल्या रानात राहून तिकडच्यांसारखे रूप घेतले आहे. सातपुड्याच्या वाटेने कोणीच आले नाही, असा निष्कर्ष यातून निघत नाही. प्रत्येक जीवाचा खटला वेगळा चालवावा लागेल, एवढे निघते.

मधल्या कोरड्या मुलखाला आपण फार दिवस नुसती रिकामी जागा समजलो. रानाचे वेड असलेल्या अभ्यासकांचे लक्ष घाटातल्या ओलाव्याकडे. माळरान म्हणजे पडीक. गेल्या दोन दशकांतल्या कामाने हा समज मोडायला घेतला आहे. घरातल्या पालींचे भाऊबंद तपासल्यावर २०१० मध्ये दिसले की भारतीय उपखंडात या पालींची एक स्वतंत्र शाखा फुलली, आणि आशियाभर घराघरांत पोहोचलेल्या पालींचे मूळ भारतात आहे. २०१६ मध्ये व्ही. दीपक, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गळ्याखाली रंगीत पंखा उघडणाऱ्या सरड्यांचे डीएनए तपासून महाराष्ट्र-कर्नाटकातल्या काळ्या पठारांवरचे सरडे वेगळ्या गणात घातले आणि त्या गणाला ‘सरडा’ हेच नाव दिले. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर पवनचक्क्यांच्या पायाशी निळा-काळा-केशरी पंखा फडकावणारा नर ज्याने पाहिला असेल, त्याला माळरानाला पडीक म्हणणे पुन्हा जमणार नाही. माझे मत स्पष्ट आहे: माळव्यासारख्या उघड्या, शेतीने कातरलेल्या प्रदेशातले लहान प्राणी आज सर्वांत कमी अभ्यासलेले आहेत, आणि सर्वांत लवकर नाहीसे होणारेही.

या सगळ्या कथांत वर्षे आली, ती कुठून आली हे सांगायला हवे. १९६२ मध्ये एमिल झुकरकँडल आणि लायनस पॉलिंग यांनी हिमोग्लोबिनची तुलना करताना पाहिले की दोन प्राणी जितके पूर्वी वेगळे झाले, तितके त्यांच्या प्रथिनांतले फरक वाढत गेले आहेत. यातून रेणवीय घड्याळाची कल्पना निघाली. तिची पहिली मोठी कसोटी भारतीय जीवाश्मावरच लागली. १९३२ मध्ये हिमाचलातल्या हरितल्यांगरला सापडलेल्या जबड्यावरून ‘रामापिथेकस’ हे नाव दिले गेले, आणि १९६०च्या दशकात त्याला माणसाचा सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीचा पूर्वज मानू लागले. आपल्यापैकी अनेकांच्या शालेय पुस्तकात तो तसाच होता. १९६७ मध्ये व्हिन्सेंट सारिच आणि ॲलन विल्सन यांनी रक्तातल्या प्रथिनांवरून सांगितले की माणूस आणि आफ्रिकी कपी सुमारे ५० लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले. मग दीड कोटी वर्षांपूर्वी माणसाचा पूर्वज असेल कसा? जीवाश्म अभ्यासकांनी हे धुडकावले. नंतर पाकिस्तानात याच गटातल्या शिवापिथेकसची चांगली कवटी सापडली आणि तिचा चेहरा ओरांगउटानच्या वळणाचा निघाला. रामापिथेकस हा शिवापिथेकसचाच भाग ठरला आणि मानवी वंशावळीतून बाहेर पडला.

या वादात रेणूंची बाजू खरी ठरली, पण त्यामुळे रेणूंना दगडांची गरज नाही असे समजणे घातक आहे. घड्याळ स्वतःहून वर्ष सांगत नाही. ते लावावे लागते, आणि लावायला वय माहीत असलेला जीवाश्म किंवा भूगर्भीय घटना लागते. शिवाय सगळ्या घराण्यांत ते सारख्या गतीने चालत नाही. उंदरासारख्या झटपट पिढ्या उलटणाऱ्यांत वेगाने, देवमाशात संथ. म्हणून या विषयातला प्रत्येक कालांक एका पट्ट्यासह वाचावा. वर्तमानपत्रात एकच ठळक आकडा येतो तेव्हा तो पट्टा कापलेला असतो.

वंशवृक्षाबद्दलही एक सावधगिरी हवी. महाभारताच्या पोथ्यांची निखळ वंशावळ लावता येत नाही, हे सुकथनकरांनी ओळखले होते, कारण नकलणारे एकाहून अधिक पोथ्या समोर ठेवत आणि इकडचे श्लोक तिकडे घालत. सजीवांतही हे घडते. ईशान्येकडच्या टोपीवाल्या आणि सोनेरी वानरांचे मातेकडून येणारे डीएनए हनुमान वानराच्या कुळाशी जुळते, तर केंद्रकातले जनुक आग्नेय आशियाई वानरांशी. दोन्ही वाचने बरोबर असू शकतात, जुन्या काळी दोन घराण्यांचा संकर झाला असेल तर. जीवाणूंमध्ये तर जनुके शेजाऱ्याकडूनही उचलली जातात, वंशाचा संबंध नसताना. कार्ल वूज यांनी १९७७ मध्ये सर्व सजीवांत आढळणारा रायबोसोमचा एक रेणू तुलनेला घेतला आणि जीवाणूंसारखे दिसणारे आर्किया हे सर्वस्वी वेगळे घराणे असल्याचे दाखवले, तेव्हा त्या रेणूची निवडच निर्णायक होती: तो सहसा उसना घेतला जात नाही. एका जनुकाचा वृक्ष आणि जातीचा वृक्ष एकच असतात असे नाही, हे मनात ठेवून पुढचे वाचावे.

माणसापर्यंत आलो की हा विषय तापतो. इरावती कर्वे यांनी कैलास मल्होत्रांबरोबर १९६८ मध्ये महाराष्ट्रातल्या समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची शारीरिक मोजमापे आणि रक्तगट ताडून पाहिले होते. वरून एकाच नावाखाली येणारे गट एका मुळाचे नसू शकतात, हा कर्व्यांचा आग्रह त्यामागे होता. जीनोम वाचता येऊ लागल्यावर हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या सहभागाने झालेल्या अभ्यासांतून चित्र मोठे झाले: आजच्या बहुतेक भारतीयांत निदान दोन प्राचीन लोकसमूहांचे मिश्रण आहे, ते सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी घडत होते, आणि नंतर जातीच्या भिंतींनी ते थांबवले. कोण मूळचे आणि कोण उपरे हे सिद्ध करायला जे या अभ्यासांची कात्रणे घेऊन फिरतात, त्यांना त्यातले पहिलेच वाक्य वाचायचे नसते. मिसळलेले नाही असे इथे जवळपास कोणीच नाही.

माळवा आणि महाराष्ट्र यांच्यामधला एक जुना प्रश्न तर खास आपला आहे. महेश्वरसमोर, नर्मदेच्या दुसऱ्या काठी, नवदाटोलीला ह. धी. सांकलिया आणि डेक्कन कॉलेजच्या पथकाने १९५०च्या दशकात उत्खनन केले. तिथल्या पहिल्या वसाहतकारांच्या थरांत गव्हाचे दाणे मिळाले, आणि काळ्या नक्षीची मातीची भांडी, ज्यांच्यावरून त्या संस्कृतीला माळवा संस्कृती हे नाव पडले. हीच भांडी पुणे जिल्ह्यात, घोड नदीकाठी इनामगावला सर्वांत खालच्या थरांत सापडतात, इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ची. माळव्याची माणसे भीमेच्या खोऱ्यात उतरली, की नुसती भांडी आणि ती घडवण्याची रीत हातोहात पोहोचली? खापर याचे उत्तर देत नाही. हाडातला डीएनए देऊ शकतो, आणि इनामगावला घराच्या जमिनीखाली पुरलेल्यांची दफने शेकड्यांनी मिळाली आहेत.

पण दख्खनची उष्णता डीएनएची वैरीण आहे. हरियाणातल्या राखीगढीला वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने उत्खनन केले, तेव्हा ६१ नमुने तपासून एकाच स्त्रीच्या सांगाड्यातून वाचण्याजोगा डीएनए मिळाला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला तो सिंधू संस्कृतीतला पहिला जीनोम. नमुना घ्यायचा तर कानामागच्या दाट हाडाला छिद्र पाडून भुकटी काढावी लागते, आणि भुकटी झालेले हाड पुन्हा मिळत नाही. संग्रहालयांच्या कपाटांत ठेवलेली दफने मोजकी आहेत. तंत्र दर काही वर्षांनी सुधारते आहे. आज ज्या हाडातून काहीच वाचता येत नाही त्यातून पुढच्या पिढीला वाचता येईल. म्हणून प्रत्येक सांगाड्याचे दुसरे कानामागचे हाड अस्पर्श राखून ठेवावे, आणि छिद्र पाडण्याआधी कोणत्या प्रश्नासाठी ते पाडतो आहोत हे लिहून काढावे, असे मला ठामपणे वाटते.